हॉटेलातले गाणे आणि कायद्यातला कर्ता

कॉपीराइट या संज्ञेला मराठीत दोन प्रतिशब्द आहेत. बोलण्यात आणि वृत्तपत्रांत ‘स्वामित्वहक्क’ चालतो. शासकीय मराठीने ‘प्रताधिकार’ स्वीकारला आहे. पहिल्यात मालकी आहे, दुसऱ्यात प्रत आहे. पुस्तकाला दोन्ही शब्द बरे लागू पडतात, कारण पुस्तकाची प्रत निघते आणि ती विकली जाते. गाण्याची पंचाईत अशी, की ते ऐकले जात असताना कोणतीच प्रत निघत नाही. हॉटेलात चहा पिताना कानावर पडलेले गाणे चहाबरोबर संपते. गिऱ्हाईक ते खिशात घालून नेत नाही, हॉटेलवाला बिलात त्याचा आकडा लावत नाही. तरीही त्या ऐकण्यावर कोणाचा तरी हक्क आहे असे कायदा म्हणतो. हा हक्क कसा उपजला, तो आपल्याकडे कोणत्या वाटेने आला आणि येताना त्याने कोणाला मागे सोडले, हा या लेखाचा विषय आहे. वकिलांना तो रुक्ष वाटत असेल. साहित्याच्या अभ्यासकाला तसा वाटू नये, कारण कृती म्हणजे काय आणि तिचा कर्ता कोण, हे आपले नेहमीचे प्रश्न येथे रुपयांत मोजले जातात.

उदाहरणासाठी श्रीरामपूर घेऊ. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले गाव. स्थानकाला मात्र नाव मिळाले ते बेलापूर. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाने. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना, टिळकनगरला १९३३ साली स्थापन झालेली महाराष्ट्र शुगर मिल्स. कारखान्याचे कामगार, गाडीवान, बाजाराला आलेले शेतकरी यांच्या वर्दळीवर वाढलेल्या अशा गावात ‘हॉटेल’ या शब्दाचा अर्थ मुक्कामाची जागा असा कधीच नव्हता. चहा, भजी, मिसळ, शेवचिवडा मिळतो ते हॉटेल. तेथे खुर्चीवर टेकून तासभर बसता येते, पेपर फुकट वाचता येतो आणि गाणी ऐकता येतात. आधी ग्रामोफोन, मग रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, आता मोबाइलला जोडलेला स्पीकर: यंत्रे बदलली, सवय राहिली. ‘स्वामित्वधन’ हा शब्द अशा तालुक्यात ऐकू आला तर तो तहसील कचेरीत, आणि तोही बहुधा नदीपात्रातल्या वाळूच्या संदर्भात. गाण्याचे स्वामित्वधन ही कल्पना तेथे आजही परकीच आहे.

परकी म्हणजे किती परकी? तिचा उगम पॅरिसमधल्या एका कॅफेत आहे. १८४७ साली एर्नेस्त बूर्जे हा गीतकार, पॉल आंरिओं आणि व्हिक्तोर पारिझो या संगीतकारांसह, शाँझेलिझेवरच्या ‘कॅफे दे झांबासादर’मध्ये बसला होता. समोर गाणी चालली होती आणि ती याच मंडळींची होती. बिल आले तेव्हा बूर्जेने पैसे देण्यास नकार दिला. तुम्ही माझे गाणे फुकट वापरता, तर मी तुमचे पेय फुकट पितो, असा त्याचा साधा व्यवहार. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल कॅफेविरुद्ध लागला. नाटकाच्या प्रयोगावर लेखकाचा हक्क असतो हे तत्त्व फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात, १७९१ च्या कायद्यानेच मान्य झाले होते. पण ते खाण्यापिण्याच्या जागी गायल्या जाणाऱ्या सुट्या गाण्यालाही लागू पडते, हे या खटल्याने ठरले. त्यातूनच १८५१ मध्ये ‘सासेम’ ही गीतकार-संगीतकारांच्या वतीने शुल्क गोळा करणारी संस्था उभी राहिली. जगभरच्या अशा संस्थांची ती थोरली बहीण. बूर्जेने मागवलेले ते पेय साखरपाणी होते, असे सांगतात. साखरेच्या मुलखातल्या वाचकाला हा तपशील विसरता येऊ नये.

पॅरिसच्या या युक्तिवादात एक गोष्ट स्पष्ट होती: गाणे रचणारा माणूस समोर बसलेला होता. पुढच्या शंभर वर्षांत हक्काचा पसारा वाढत गेला आणि हा माणूस दृष्टिआड होत गेला. १९१४ हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या एकाच वर्षी लंडनमध्ये परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली, न्यूयॉर्कमध्ये ‘अस्कॅप’ स्थापन झाली आणि भारतात इंग्लंडचा १९११ चा कायदा थोड्या फेरफारांसह लागू करणारा कॉपीराइट कायदा झाला. अमेरिकेत १९१७ साली व्हिक्टर हर्बर्ट या संगीतकाराने ब्रॉडवेवरील शॅनलीच्या उपाहारगृहाविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकला. उपाहारगृहाचे म्हणणे होते की आम्ही जेवणाचे पैसे घेतो, गाण्याचे घेत नाही. न्यायमूर्ती होम्स यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की गाणे धंद्याला उपयोगी नसते तर तुम्ही ते ठेवलेच नसते. गिऱ्हाईक जे पैसे देते त्यात जेवणाबरोबर सभोवतालचा माहोलही येतो. हा मुद्दा निरुत्तर करणारा आहे. आपल्याकडच्या कोणत्याही हॉटेलमालकाला तो मनातून पटेल. गाणी बंद केली की गिऱ्हाईक लवकर उठते, हे त्याला होम्सपेक्षा जास्त ठाऊक असते.

इंग्लंडमध्ये १९३४ साली दोन निवाडे झाले आणि आपल्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे. हॉटेलात रेडिओ लावणे हासुद्धा सार्वजनिक प्रयोग आहे, असे एका निवाड्यात ठरले. दुसरा खटला ग्रामोफोन कंपनी विरुद्ध स्टीफन कारवर्डाइन. ब्रिस्टलच्या या कॉफी-उपाहारगृहात ग्रामोफोनवर ओबेर या फ्रेंच संगीतकाराच्या ‘ब्लॅक डॉमिनो’ या ऑपेराचे पूर्वसंगीत वाजवले गेले. ओबेर १८७१ सालीच वारला होता; त्याच्या रचनेवरचा हक्क मुदत संपून मोकळा झाला होता. रचनाकाराला पैसे देण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता की तबकडी बनवणाऱ्या कंपनीला स्वतःचा, वेगळा हक्क आहे काय. न्यायाधीश फ्रेडरिक मॉम यांनी तो आहे असे ठरवले. (हे साहित्याच्या वाचकांना परिचित असलेल्या सॉमरसेट मॉम यांचे थोरले बंधू, पुढे लॉर्ड चॅन्सेलर झाले.) त्याच वर्षी लंडनमध्ये फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड ही तबकडी कंपन्यांची संस्था निघाली, भारतातली तिची समनामी संस्था १९४१ ची. म्हणजे गाण्याचे दोन मालक झाले: एक रचणारा, दुसरा मुद्रित करणारा. गाणारा या हिशेबात कुठेच नव्हता, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो.

मुंबईत हे वारे पोहोचायला वेळ लागला नाही. लंडनच्या परफॉर्मिंग राइट सोसायटीने ‘इंडियन मॉर्निंग पोस्ट रेस्टॉरंट’ या उपाहारगृहावर केलेला दावा १९३९ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निवाड्यांत छापलेला आहे आणि आपल्याकडच्या कॉपीराइटवरील टीकाग्रंथांत त्याचा दाखला दिला जातो. वादी लंडनचा, कायदा लंडनचा, उपाहारगृह मुंबईचे. पण याला केवळ वसाहतीचा जुलूम म्हणून बाजूला सारणे सोपे असले तरी अपुरे आहे. त्या काळातल्या मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत पाश्चात्त्य संगीत खरोखरच वाजत होते. ताजमध्ये १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकी कृष्णवर्णीय वादकाचा जाझ वाद्यवृंद आला, आणि त्याच्या मागोमाग गोव्याच्या वादकांची एक पिढी त्या संगीतात तयार झाली.

त्या पिढीतला एक ट्रम्पेटवादक म्हणजे हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट. आणि येथे ही गोष्ट वळसा घेऊन श्रीरामपूरच्या शेजारी येते. बेलापूर स्थानकावरून मनमाडच्या दिशेने निघाले की काही स्थानकांनंतर पुणतांबा लागते. चांगदेवांच्या समाधीमुळे पूर्वीपासून आणि २०१७ च्या शेतकरी संपामुळे अलीकडे माहीत झालेले हे गाव संगीतकार सी. रामचंद्र यांचे जन्मगाव (१२ जानेवारी १९१८). रामचंद्र नरहर चितळकर हे त्यांचे नाव. गायक म्हणून ते ‘चितळकर’ राहिले, संगीतकार म्हणून ‘सी. रामचंद्र’ झाले. १९५१ सालच्या भगवानदादांच्या ‘अलबेला’मध्ये चिक चॉकलेट आणि सी. रामचंद्र एकत्र दिसतात. ताजच्या नृत्यदालनातला ठेका, गोव्याचा ट्रम्पेट आणि पुणतांब्याच्या माणसाची चाल यांचा तो संकर होता. मुंबईच्या श्रीमंत हॉटेलातले संगीत चित्रपटात शिरले आणि तबकडीच्या रूपाने गावोगावच्या गरीब हॉटेलांत उतरले. हा प्रवास आपल्या संगीतसमीक्षेने पुरेसा लक्षात घेतलेला नाही असे मला वाटते. आपण ‘प्रभाव’ आणि ‘अनुकरण’ या दोन शब्दांवर फार लवकर थांबतो.

आणि नेमक्या याच टप्प्यावर ही गाणी आकाशवाणीवरून नाहीशी झाली. १९५२ मध्ये नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. चित्रपटसंगीताविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते हे प्रसिद्धच आहे. परंतु या प्रकरणाची कायदेशीर बाजू क्वचितच सांगितली जाते. आकाशवाणीने गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरवून बंद केले. त्यावर निर्मात्यांनी आपली गाणी प्रक्षेपित करण्याची परवानगी काढून घेतली. म्हणजे अभिरुचीच्या वादाला हक्काच्या वादाची जोड मिळाली आणि दुसऱ्याने पहिल्याचे काम केले. श्रोते सिलोनकडे वळले. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली तेव्हा आकाशवाणीने आपली हार एका परीने मान्य केली. मधल्या पाच वर्षांत गावच्या हॉटेलात रेडिओची सुई शॉर्टवेव्हवर कोठे लागते हे पोऱ्यालासुद्धा पाठ होते. त्या काळी रेडिओसाठी पोस्टातून परवाना काढावा लागे आणि धंद्याच्या जागेचा परवाना घरगुती परवान्याहून वेगळा असे. हॉटेलवाला ऐकवण्याचे पैसे भरत होता, पण ते सरकारला, रेडिओ ठेवण्यासाठी. त्यातला एकही आणा गीतकार किंवा संगीतकाराच्या नावाने जमा होत नव्हता.

१९५७ चा स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. या कायद्यातली ‘संगीतकृती’ची मूळ व्याख्या साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. स्वररचना किंवा स्वरसंवाद यांचा असा मेळ, जो छापलेला, लिहिलेला अथवा आलेखरूपाने उतरवलेला असेल, तोच संगीतकृती. न लिहिलेले संगीत कायद्याच्या लेखी संगीत नव्हते. ज्या देशात संगीत कानातून कानात गेले, जेथे घराणी चिजा लपवून ठेवत, जेथे लावणी फडावर बांधली जाई, त्या देशाने युरोपातल्या सुरावटीच्या कागदाला कृतीचे प्रमाण मानले.

विष्णु नारायण भातखंडे येथे आठवतात. ते वकिलीचे शिक्षण घेतलेले होते आणि काही काळ त्यांनी कराचीत वकिली केली होती. त्यांनी उस्तादांकडून शेकडो बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेतून छापल्या. त्यांचा हेतू ज्ञान मोकळे करण्याचा होता, आणि तो मोठा होता यात शंका नाही. पण १९५७ च्या व्याख्येच्या उजेडात पाहिले तर त्याच कृतीला एक अनपेक्षित अर्थ प्राप्त होतो: उस्तादाच्या गळ्यातली चीज कायद्याच्या नजरेत नव्हती; कागदावर उतरताच ती नजरेत आली. आपल्या स्वतःच्या रचनांत भातखंडे ‘चतुर’ ही मुद्रा घालत. कर्तृत्व सांगण्याची ही आपली जुनी रीत. संतांच्या अभंगात, शाहिरांच्या लावणीत शेवटच्या कडव्यात नाव गुंफलेले असते. नाममुद्रा म्हणजे गाण्याच्या आतच कोरलेली सही. ती गाणाऱ्याला उच्चारावी लागते, म्हणून प्रत्येक गायनात कर्ता हजर होतो. पॅरिसच्या बूर्जेला जे न्यायालयात जाऊन मिळवावे लागले, त्यातला अर्धा भाग, म्हणजे श्रेय, आपल्या परंपरेने रचनेतच बसवून टाकला होता. उरलेला अर्धा, म्हणजे पैसा, तिने राजाश्रयावर, बिदागीवर आणि दौलतजाद्यावर सोडला. तो भरवशाचा नव्हता. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या गावोगाव गाजल्या, त्यांची मुद्रा हजारोंच्या तोंडी राहिली आणि ते १९४५ मध्ये विपन्नावस्थेत वारले. परंपरेचे गुणगान करताना ही बाजू झाकू नये.

चित्रपटगीताला नाममुद्रा नसते. म्हणूनच कदाचित येथे भांडण अधिक कडवट झाले. १९६९ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली आणि तिने त्याच वर्षी आपले दरपत्रक जाहीर केले. चित्रपट निर्मात्यांनी आणि प्रदर्शकांनी हरकती घेतल्या. कॉपीराइट मंडळाने १९७३ मध्ये संस्थेच्या बाजूने निर्णय दिला, कलकत्ता उच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तो फिरवला आणि १४ मार्च १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. निर्मात्याने मोबदला देऊन शब्द आणि चाल करवून घेतली असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक निर्माता. चित्रपटाचा भाग म्हणून ते गाणे वाजते तोवर गीतकार-संगीतकाराला काही मागता येणार नाही. या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक छोटे सहमतीचे टिपण जोडले. त्यात त्यांनी म्हटले आहे की आपल्या कायद्याला भावपूर्ण गायन, सुंदर आवाज, अप्रतिम सादरीकरण यांच्याशी कर्तव्य नाही. त्याला कागदावर उतरवलेली सुरावट तेवढी दिसते. भारतीय संगीतात श्रोता ज्यासाठी जीव टाकतो तो गायक या कायद्यात हक्कहीन आहे, ही विसंगती संसदेने दूर करावी, असा त्यांचा आग्रह होता. एवढे चांगले संगीतविषयक गद्य आपल्या न्यायालयांनी फार वेळा लिहिलेले नाही.

गायकांच्या बाजूचे भांडण त्याआधीच पेटले होते. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात लता मंगेशकर यांनी गायकांनाही स्वामित्वधन मिळावे अशी भूमिका घेतली. महंमद रफी यांचे म्हणणे होते की गाण्याचे पैसे एकदा घेतले की गायकाचा संबंध संपला. काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. रफींच्या भूमिकेतले औदार्य खरे आहे, पण त्या औदार्याचा लाभ कोणाला झाला हेही विचारले पाहिजे. तो हॉटेलातल्या गिऱ्हाइकाला झाला नाही. तबकडीची किंमत त्याने कमी झाली नाही.

नंतरचा इतिहास भराभर सांगता येतो. १९८० च्या दशकात कॅसेट आल्या. तालुक्याच्या गावी दुकानदार गिऱ्हाइकाने दिलेल्या यादीप्रमाणे गाणी भरून देऊ लागले. हॉटेलांची गाणी या भरलेल्या कॅसेटींवरच वाजत. १९८४ च्या दुरुस्तीने उल्लंघनाची शिक्षा तीन वर्षांपर्यंत वाढली, तरी भरलेल्या कॅसेटी वाजत राहिल्या. १९९४ च्या दुरुस्तीने संगीतकृतीच्या व्याख्येतली लिखिताची अट काढून टाकली आणि गायक-वादकांना प्रथमच ‘प्रयोगकर्त्याचा हक्क’ दिला. कृष्ण अय्यर यांच्या टिपणानंतर सतरा वर्षांनी. मग २०१२ ची दुरुस्ती. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिच्यासाठी केलेले भाषण गाजले. तिने ठरवले की चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणे वाजते ते सोडून अन्य कोठेही वाजले तर स्वामित्वधनाचा समान वाटा गीतकार आणि संगीतकार यांना मिळालाच पाहिजे, आणि हा वाटा त्यांना करारानेही सोडून देता येणार नाही. १९७७ च्या निकालाचा काटा असा अर्धा काढला गेला. परिणाम गमतीचा आहे. चित्रपटगृहात ज्या कवीला काही मिळत नाही त्याला हॉटेलात मिळते. कॅफेतून निघालेला हक्क पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा कॅफेतच येऊन टेकला.

पण श्रीरामपूरच्या हॉटेलमालकाच्या जागी उभे राहून पाहा. शब्द आणि चाल यांच्यासाठी एक संस्था, ध्वनिमुद्रिकांसाठी दुसरी. ध्वनिमुद्रिकांतही काही कंपन्या फोनोग्राफिक परफॉर्मन्सकडे, काही नोव्हेक्सकडे, काही २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या रेकॉर्डेड म्युझिक परफॉर्मन्सकडे. नोंदणीकृत संस्था नसताना असा परवाना देता येतो की नाही यावर न्यायालयेच सहमत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, हक्काचा मालक म्हणून तो देता येतो, असे म्हटले. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एका उपाहारगृह कंपनीच्या प्रकरणात वेगळा सूर लावला आणि त्यातल्या आदेशाला त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाकडून स्थगिती मिळाली. शेजारच्या गोव्यात लग्नसमारंभांसाठी हॉटेलांनी परवाना मागू नये असे परिपत्रक सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढले, ते ऑगस्टमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाच्या पीठाने रद्द केले. दावा लागलाच तर तो वादीच्या मुख्य कार्यालयाच्या ठिकाणी, म्हणजे बहुतेक वेळा मुंबईत, लावता येतो; २०१५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका चित्रपटगृह-मालकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एवढा दिलासा दिला, की मुख्य कार्यालय मुंबईत आणि प्रकरणही तिथलेच असताना वादीला दिल्लीच्या शाखेवरून खटला चालवता येणार नाही.

माझ्या मते खरी अडचण शुल्कात नाही, ते पोहोचते कोठे यात आहे. होम्स यांचा मुद्दा मान्य केला की हॉटेलाने काही द्यावे हे ओघानेच येते. परंतु कोणत्या गावच्या कोणत्या हॉटेलात कोणते गाणे वाजले याची नोंद कोणी ठेवत नाही, ठेवू शकत नाही. अशा ठिकाणी जमा झालेला पैसा जगभरच्या संस्था नमुन्यावरून, अन्यत्र मिळालेल्या नोंदींवरून वाटतात. जे मोठ्या शहरात आणि नभोवाणीवर जास्त वाजते त्याला जास्त वाटा. श्रीरामपूरच्या हॉटेलात एखाद्या स्थानिक शाहिराचे, भीमगीतकाराचे, भजनी मंडळाचे गाणे दिवसभर वाजले तरी नमुन्यात ते येण्याची शक्यता कमी, आणि तो शाहीर संस्थेचा सभासद नसेल तर ती शून्यच. १९५७ च्या कायद्याने लिहिलेले तेवढे ऐकले. आजची व्यवस्था नोंदलेले तेवढे ऐकते. मौखिक परंपरेचे अभ्यासक या प्रश्नाकडे वळतील तर त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असेल, कारण अनामिक आणि बहुकर्तृक रचनांचा विचार करण्याची सवय त्यांना आहे, वकिलांना नाही.

पुणतांब्याच्या संगीतकाराकडे पुन्हा येतो, कारण त्याचे एक गाणे या साऱ्या गुंत्याचा नकाशाच आहे. ‘ऐ मेरे वतन के लोगो’ २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकर यांनी प्रथम जाहीरपणे गायले. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल सी. रामचंद्र यांची. गाणे चित्रपटातले नव्हते, म्हणून मध्ये निर्माता नव्हता. प्रदीप यांनी आपले स्वामित्वधन युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या निधीला दिले. तरीही थकबाकीचे दहा लाख रुपये भरावेत असा आदेश तबकडी कंपनीला देण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाला २००५ साल उजाडावे लागले. आता मुदती पाहू. ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे, म्हणजे १९६३ ची तबकडी २०२३ च्या अखेरीस मोकळी झाली. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. सी. रामचंद्र १९८२ मध्ये गेले. त्यांची चाल २०४२ च्या अखेरीपर्यंत हक्काखाली. प्रदीप १९९८ मध्ये गेले. शब्द २०५८ च्या अखेरीपर्यंत. १९६३ साली गायिकेला द्यायला कायद्याजवळ काहीच नव्हते. कलम ५२ प्रमाणे सरकार किंवा स्थानिक प्राधिकरण यांच्या अधिकृत समारंभात गाणे वाजवण्यास परवाना लागत नाही. तेव्हा प्रजासत्ताकदिनी सकाळी नगरपालिकेच्या ध्वजवंदनात ही तबकडी लागली तर कोणाचे काही देणे लागत नाही; रस्त्यापलीकडच्या हॉटेलात तीच तबकडी त्याच वेळी लागली तर तबकडीचे काही नाही, पण चालीचे आणखी काही वर्षे आणि शब्दांचे त्याहून सोळा वर्षे अधिक देणे उरते.